विहीणबाईंचा खण आणि माझं तापलेलं इंजिन

माझ्या सख्ख्या मेहुण्यानं मला फसवलं. माल त्याचा, गिऱ्हाईक मी, आणि साक्षीदार त्याची बहीण, म्हणजे माझी बायको! अशा खटल्याचा निकाल काय लागतो, ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको.

मी सेलूचा. जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायची, जुनी मशिनं घेतो, दुरुस्त करतो, विकतो. हा धंदा मी बापाच्या पैशावर नाही, स्वतःच्या जिभेवर उभा केला. समोरच्यानं भाव सांगितला की मी आधी हसतो, मग उठून चपला घालतो. (चपला घातल्याशिवाय खरा भाव बाहेर पडत नाही.) मेहुणा सुधाकर रत्नागिरीकडे असतो. त्यानं मला एक जुनी शिडाची होडी विकली. येलदरीच्या धरणात लोकांना फिरवायचं, असा माझा बेत. वारा पडला तर असू द्यावं म्हणून होडीत एक छोटं डिझेल इंजिन होतं. मी म्हणालो, "इंजिन हाय तर शीड कशाला?" आणि शीड सेलूला नेऊन सरकीच्या ढिगावर झाकलं. असली मजबूत ताडपत्री बाजारात मिळत नाही!

खरी बेइमानी पुढे आहे. होडी ताब्यात आल्यावर सुधाकरचा फोन आला.

"दाजी, हे इंजिन होडीखालचं पाणी ओढतं, अंगात फिरवतं, गार होतं आणि मागच्या नळीतून बाहेर टाकतं. म्हणून पाणी आत येतं तिथली जाळी साफ ठेवायची, पंपातला रबरी पंखा बघायचा, आणि मागून पाणी पडतंय का, तिकडे सारखं लक्ष ठेवायचं."

"आरं, इंजिन विकलंस का म्हैस?"

"म्हैसच समजा. पाणी तोडलं की संपलं."

हे आधी सांगायला नको? तरी मी मागे हटलो नाही. इंजिन उघडलं. समुद्राचं पाणी पिऊन पिऊन त्याच्या आतल्या वाटांवर पांढरे थर चढले होते. मी लिंबूसत्त्व पाण्यात कालवून आत फिरवलं. संध्याकाळी मंगल स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, सरबतासाठी आणलेलं लिंबूसत्त्व कुठं गेलं?"

"तुझ्या भावाच्या इंजिनाला मूतखडा झाला होता. त्याला पाजलं."

रबरी पंख्याच्या पाकळ्या तुटल्या होत्या. त्यासाठी मी जिंतूर पालथं घातलं, परभणी पालथी घातली. एका दुकानदारानं तर मला कूलरचा पंखा दाखवला! शेवटी सुधाकरनं तिकडून पाठवला. मी तो स्वतः बसवला, जाळी घासली, नळ्यांच्या पट्ट्या आवळल्या. मागच्या नळीतून पाण्याची धार पडली तेव्हा मला पोरगं झाल्याचा आनंद झाला. आता या इंजिनाला काही होणार नाही, असं मी चारचौघांत बोललो. तिथंच चुकलं.

त्याच सुमारास आमच्या पल्लवीला मानवतचं स्थळ आलं. मुलगा परभणीला नोकरीला, वडील भगवानराव आडतीच्या धंद्यातले, घर सज्जन. असं स्थळ पुन्हा येत नाही, असं सगळे म्हणत होते. पल्लवीला फोटो आवडला होता. (तिनं सांगितलं नाही. पण फोटो माझ्या टेबलावरून गायब झाला होता.) मी ठरवलं, कांदेपोहे सगळेच देतात. आपण पाहुण्यांना होडीत बसवायचं!

"पोरगी दाखवायचीय का होडी?" मंगलनं विचारलं.

"तुला धंद्यातलं काय कळतंय?"

पाहुणे आले. मंगलनं होणाऱ्या विहीणबाईंना हळदीकुंकू लावून जरीकाठाचा हिरवा खण दिला. धरणावर पोचल्यावर सगळ्यांनी नारिंगी जॅकेटं चढवली. विहीणबाईंनी तर पैठणीवर! आपलं इंजिन कसं गोड बोलतं ते दिसावं म्हणून मी ते आधीच चालू करून ठेवलं. दोर सोडणार, इतक्यात विहीणबाई म्हणाल्या, "थांबा हो. पाण्यावर चाललोत, ओटी भराया नको?"

त्यांनी पिशवीतून नारळ काढला, मूठभर तांदूळ काढले आणि तोच हिरवा खण काढला. मंगलचा चेहरा पडला. विहीणबाईंनी डोळे मिटून ओटी होडीच्या कडेनं पाण्यात सोडली. खण पाण्यात फुगला, डोलला आणि सावकाश होडीच्या पोटाखाली गेला. मी हात जोडले. आपल्याच इंजिनाच्या घशात कापड जाताना भक्तिभावानं उभा राहिलेला मालक महाराष्ट्रात माझ्याशिवाय नसेल!

होडी मधोमध आली. मी भगवानरावांना इंजिनाचं कौतुक सांगत होतो. मंगलनं माझी बाही ओढली.

"अहो, मागनं पडायचं पाणी थांबलंय."

"थांबू दे. पाणी वाचायलंय."

मग कुठूनतरी बारीक शिट्टी वाजायला लागली. विहीणबाई म्हणाल्या, "कुणाचा फोन वाजायलाय?" सगळ्यांनी खिसे चाचपले, पिशव्या उलट्या केल्या. मीही माझा फोन बंद करून पुन्हा चालू केला. ती शिट्टी इंजिन तापल्याची आहे, हे कळेतोवर त्याच्या झाकणाखालून वाफ आली, रबर जळाल्याचा वास आला आणि इंजिन बंद पडलं.

"पाव्हणं," भगवानराव शांतपणे म्हणाले, "शिडाची होडी हाय ना? मग शीड लावा की."

"शीड सेलूला हाय."

"तिथं काय करायलंय?"

"सरकी झाकायलंय."

भगवानराव पाण्याकडे बघत बसले. मुलगा ओठ दाबून दुसरीकडे बघायला लागला. मी सुधाकरला फोन लावला.

"दाजी, जाळी बघा."

"बघितली. आरशासारखी हाय!"

"मग पाणी ओढायचं तोंड बाहेरून बंद झालंय. कुणीतरी खाली उतरून बघा."

"कुणीतरी म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही. होडी तुमची आहे."

मला पोहता येत नाही. हे मी पाहुण्यांसमोर कसं सांगणार? मी सावकाश बूट काढायला घेतले. एक नाडी सोडवायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

"बाबा, ऱ्हाऊ द्या," पल्लवी म्हणाली. तिनं ओढणी आईच्या हातात दिली, जॅकेट काढलं आणि सरळ पाण्यात उडी मारली! पोरगी आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलेली. पण बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर? नव्या ड्रेसवर? मी डोळे मिटले. सोयरीक बुडाली, असं मला त्या पाण्याच्या आवाजातच कळलं.

ती वर आली तेव्हा तिच्या हातात हिरवा खण होता.

"हा तर मी दिलेला!" मंगल म्हणाली. "सकाळीच दिला हो! अस्सल रेशमाचा!"

"मग तळ्याला काय जुनापाना द्यायचा व्हता का?" विहीणबाईंचा आवाज चढला. "ओटी हाय ती!"

"आमच्याकडं दिलेला खण असा पाण्यात टाकत न्हाईत!"

"आमच्याकडं पाण्यात कापड गिळणारी इंजिनं न्हाईत!"

दोघींच्या मध्ये मी एका पायात बूट घालून उभा. त्या गडबडीत पल्लवीला वर कुणी घ्यायचं, हेच सगळे विसरले. मग मुलगा उठला. वाकून त्यानं तिचा हात धरला आणि ओढून घेतलं. ती पाण्यानं निथळत हसली. तोही हसला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला, "थंडी वाजायलीय का?"

एवढ्यावर इंजिन चालू व्हायला हवं होतं. पण कोरडं फिरून पंख्याचं रबर तुटलं होतं. सुधाकर फोनवर म्हणाला, "गार होऊ द्या. मग पंपाच्या पुढची नळी सोडा, तिच्यात वरून पाणी ओतत राहा आणि हळूहळू काठाला या."

इंजिन गार होईपर्यंत दोन्ही आया एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मग मी सुकाणू धरलं. नळी धरली मंगलनं, बादलीनं पाणी काढून दिलं विहीणबाईंनी, आणि तांब्यानं ओतलं कोणी? भगवानरावांनी! आडतीच्या गादीवर ज्यांना पाणी दुसरे आणून देतात, ते भगवानराव बाह्या वर करून माझ्या म्हशीला पाणी पाजत होते.

"धार तुटू देऊ नका!" मी सवयीनं ओरडलो. मजुरावर ओरडतो तसा.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा तांब्या भरला. बादली देता देता आणि नळी धरता धरता विहीणबाई आणि मंगल मात्र एक झाल्या. नवरे ऐकत कसे नाहीत, या विषयावर दोघींचं काठ येईपर्यंत एकमत होतं.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गाडीत बसले. आमच्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. पल्लवी जेवत नव्हती. माझ्याशी बोलतही नव्हती, आणि हे मला जास्त लागलं. मी फोनसमोर बसून होतो. शेवटी भगवानरावांचा फोन आला.

"पाव्हणं, पोरगी लय आवडली. असं धाडस आमच्या घरात पाहिजेच. पोरगा तर तयारच हाय. मंगलताईंचा सोभावही चांगला. आमच्या मंडळींनी हो म्हणायला सांगितलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "मग पक्कं समजू?"

"लग्नाचं पक्कं. फक्त तुमच्याबद्दल घरात जरा दोन मतं हायत. विचार करून सांगतो."

आता मला एवढंच विचारायचंय. बघायला आले पोरीला, पास झाली पोरगी, पास झाली तिची आई, खणासकट सगळे पास, आणि नापास एकटा बाप! सुधाकर फोन उचलत नाही, मंगल हसू दाबत उठून जाते. पण याचा जवाब मला कोणीतरी दिलाच पाहिजे, आणि तोही लग्नाच्या आधी. नाहीतर मांडवात मला कुठं बसवायचं, ते तरी सांगा!