मिशीची उजवी बाजू

“निवांत रं भावा, पळतंय कोण?” असं म्हणता म्हणता त्याचं बोट मिशीच्या उजव्या बाजूला जायचं. एक केस धरायचा, उपटायचा, मुळाशी निरखून बघायचा आणि टाकून द्यायचा.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्या फोटो स्टुडिओसमोर त्याचं नळ-पाइपांचं दुकान. डावी मिशी झुपकेदार, उजवी साफ. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि आमच्या गल्लीसारखे हसलाही असाल. लोकांना ती खोड वाटायची. त्याला स्वतःला शाप वाटायचा.

शेवटी मोबाइलवर उपचार करणाऱ्या एका ॲपवर त्याला पुण्याच्या समुपदेशक बाई भेटल्या. दुकानाला आडोसा नाही, घरात माणसंच माणसं. म्हणून दर बुधवारी दुपारी तो माझ्या स्टुडिओच्या आतल्या खोलीत दार लावून, फोन स्पीकरवर टाकून कॉलवर बसायचा. मी बाहेर असायचो, पण कोल्हापुरी आवाज भिंतीला थोडाच जुमानतो!

“केस ओढावासा वाटतो, त्याआधी काय होतं?” बाई विचारायच्या.

“गिऱ्हाईक चुकीचा नळ परत घिऊन येतंय, म्याडम.”

पहिल्या कॉलनंतर मात्र तो डोळे पुसत बाहेर आला. “ह्येला आजार म्हंत्यात, भावा. माज्यासारकी लई हायत म्हनं.”

हाताला काम द्या, असं बाईंनी सांगितलं. मग तो गल्ल्यावर बसून बोल्टवर नट फिरवू लागला. केस किती आले ते बाईंना दिसावं म्हणून ॲपवर फोटो टाकायचे असत. ते मीच काढायचो. हळूहळू उजवीकडं काळी रेघ उगवली, मग चांगली मिशीच. कित्येक वर्षांनी तो न्हाव्याकडं जाऊन ती कोरून आला आणि सगळ्या गल्लीला चहा पाजला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग एका सकाळी न्हावीच फोन नाचवत आला. त्या ॲपची जाहिरात होती. उपचाराआधी, उपचारानंतर. मागं माझ्या स्टुडिओचा निळा पडदा, पुढं त्याचं तोंड.

माझं डोकंच फिरलं. दार लावून काढलेला फोटो असा बाजारात मांडायचा? ॲपवाल्यांना फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सरांनी सुरुवातीलाच ‘मान्य’ दाबलंय.” आपण सगळेच दाबतो, वाचतो कोण? बाईंना तरी हे ठाऊक होतं का, कोण जाणे.

मी त्याला ते सांगितलं. त्यानं हातातला नट-बोल्ट गल्ल्यावर ठेवून दिला.

“मी बरं हुयाला दाबलं हुतं की रं,” एवढंच म्हणाला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. मिशी त्यानं सफाचट काढून टाकली. आता तरुण दिसतोस, असं गल्ली म्हणते. तो हसतो, गिऱ्हाईकाला नळ दाखवतो आणि त्याचं बोट भुवईकडं जातं.