शेवट शिवून ठेवणाऱ्या दोरामावशी

दोरामावशींकडून आणलेल्या प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण शिवलेलं असायचं. पांढऱ्या दोऱ्याचे चार-पाच सैल टाके, पानांच्या कडेने. तिथपर्यंत वाचायचं आणि मुकाट्याने उठून त्यांच्या घरी जायचं. त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "आधी तुझा शेवट सांग." आपल्या मनातला शेवट सांगितला, की मगच कात्री बाहेर यायची. टाके उसवून आत डोकावणारी कार्टी आमच्यात होतीच. पण त्यांना ते लगेच कळायचं, आणि मग त्या कार्ट्याला आठवडाभर पुस्तक मिळायचं नाही.

खरं नाव रिबेका. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली ज्यू घरातल्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून ओटीवरचं पुस्तकांचं कपाट आम्हा पोरांसाठी उघडायच्या. फक्त शनिवारी कात्रीला हात लावायच्या नाहीत. त्यांचा तो पाळायचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होणारा. संध्याकाळी आभाळात तारे दिसेपर्यंत काही कापायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी टाक्यांपाशी अडकलेलं पोर पूर्ण शनिवार घरात तळमळत काढायचं, आणि त्याची आई वैतागायची.

पुस्तक निवडायची त्यांची रीत वेगळीच होती. काय आवडतं, कितवीत आहेस, असलं काही विचारायच्या नाहीत. "काल घरात कोणावर चिडलास?" एवढंच. धाकट्या भावावर चिडलेल्याला भाऊ हरवतो ती कादंबरी, आजोबांवर चिडलेल्याला आजोबा घरातून पळून जातात ती. आणि सगळ्या हसवणाऱ्या. एखादे वडील यायचे आणि यातून मुलाला काय शिकायला मिळेल म्हणून विचारायचे. मावशी सांगायच्या, "हसायला. बाकीचं जूनपासून आहेच की." हल्ली पुस्तकांच्या दुकानात आईबाप तेच विचारताना ऐकते, आणि मला त्यांचं उत्तर तस्संच्या तस्सं द्यावंसं वाटतं.

एकदा पळस्प्याहून मामाकडे आलेली एक मुलगी पुस्तक हातात घेईना. "मावशी, यात कुनी मरत नाय ना?" तिने दहादा विचारलं असेल. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मे महिन्यात माझ्या कपाटात कोणी मरत नाही," म्हणाल्या. ते वाक्य मी पक्कं लक्षात ठेवलं, कारण त्या सुट्टीत माझी आई अंथरुणाला खिळली होती.

"घरात एवढं दुखणं, आणि खिदळायची पुस्तकं कसली आणतेस?" आत्या मला म्हणाली होती. मी रिकाम्या हाताने परत जायच्या तयारीनेच ओटीवर उभी होते. मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "कोणावरच नाही." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि कपाटातली सगळ्यात धमाल कादंबरी काढून दिली. तीन भावंडं सर्कशीतून पळालेलं माकड घरच्या माळ्यावर लपवून ठेवतात, आणि त्यांची आई गायब केळ्यांवरून उंदरांना शिव्या घालत बसते. मावशी म्हणाल्या, "आईला वाचून दाखव. मोठ्याने."

रोज दुपारी वाचायचे. आई पोटावर हात दाबून हसायची, हसताना कळ यायची, तरी म्हणायची, "पुढे वाच गं." मी तिच्याहून मोठ्याने हसायचे. मग पाणी आणते म्हणून उठायचे, आत जाऊन नळ सोडायचे, रडून घ्यायचे आणि तोंड धुऊन परत यायचे. आईला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

टाक्यांपाशी पोचलो तो नेमका शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. मी धावत जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. संध्याकाळी पाहते तर त्या आमच्या अंगणात उभ्या, रिकाम्या हाताने, आभाळाकडे बघत. तारे दिसले तशा आत आल्या, कात्री आमचीच मागितली आणि आईच्या उशाशी बसल्या. "वहिनी, आधी तुमचा शेवट सांगा."

आई मला म्हणाली, "जा, मावशींना चहा टाक."

मी आत गेले, आधण ठेवलं, नळ सोडला. चहा घेऊन आले तेव्हा टाके कापलेले होते, आणि मावशी पदराने चष्मा पुसत होत्या. मी शेवटचं प्रकरण वाचलं. सर्कसवाला येऊन माकड घेऊन जातो, मुलांच्या आईला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. "छान आहे," एवढंच आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

ती हॉस्पिटलातून परत आली नाही. मे महिना अजून संपायचा होता. मी पुस्तक मावशींच्या मांडीवर आदळलं. "तुम्ही म्हणाला होतात, मे महिन्यात कोणी मरत नाही."

त्यांनी मला जवळ ओढलं. "पुस्तकात, बाळा. बाहेर माझं कोणी ऐकत नाही." आणि त्या माझ्याहून जास्त रडल्या.

आईने काय शेवट सांगितला, हे मी त्यांना पुढे कितीदा तरी विचारलं. रुसून विचारलं, लाडीगोडी लावून विचारलं, माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधल्यावरसुद्धा विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "एकाचा शेवट दुसऱ्याला सांगायचा नाही." त्यांची स्वतःची आई अशी गेली असती तर कळलं असतं त्यांना, असं मनात म्हणत मी घरी यायचे.

मग मुलाने त्यांना इस्रायलला नेलं. त्यांना जायचं नव्हतं. "तिथल्या पोरांना मराठी कुठे येतंय," एवढंच म्हणाल्या. निघायच्या आधी घरी मलिद्याची प्रार्थना केली, आम्हा सगळ्यांना बोलावून गोड पोहे आणि फळं हातावर ठेवली, आणि कपाट माझ्या घरी पाठवलं. त्यांच्या ओटीच्या जागी आता इमारत उभी आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला, "आई हल्ली कोणाला ओळखत नाही. तू मराठीत बोल काहीतरी." पडद्यावर उशीत रुतलेला एवढासा चेहरा. मी हाका मारल्या, काही नाही. मग उठून कपाटातली ती माकडाची कादंबरी काढली आणि वाचायला लागले. रोज थोडं थोडं, मोठ्याने. केळी गायब झाली तेव्हा त्या हसल्या.

शेवटच्या प्रकरणापाशी आले तेव्हा त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं, त्यांना माझा शेवट हवाय. मी सांगायला सुरुवात केली.

"तुझा नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचा."

मी पुस्तक खाली ठेवलं.

"ती म्हणाली, त्या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माकडासाठी ती रोज दोन पोळ्या जास्त करायची. पोरांना वाटायचं, आपण आईला कळू देत नाही. म्हणाली, त्यांना तेवढंच करता येत होतं, म्हणून तिने करू दिलं."

त्या दमल्या. मुलाने पाणी पाजलं. आमचं ते शेवटचं बोलणं. फोन ठेवायच्या आधी त्यांनी पुन्हा डोळे उघडले.

"तू आत होतीस," त्या म्हणाल्या. "नळ सुरू होता. ती ऐकत होती."