मावसाजींचा गाडीतळ

जिवंतांशी भांडावं आणि गेलेल्यांशी अदबीनं वागावं, हा नेम जन्मभर पाळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच नात्यात निघाला. ते माझे मावसाजी. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा विकू लागला, तेव्हा अमरावतीकडून कापसाच्या गाड्या हाकणाऱ्यांचे ते म्होरके होते. अकोल्यात मोर्णेकाठी, जुन्या शहरालगत त्यांचा गाडीतळ. बंजारे, मुसलमान, कुणबी, माळी, महार असे सगळे गाडीवान तिथं एकाच लांबलचक छपराखाली निजत. तळाचा कायदा एकच: मागून येणारा 'सरका जरा' म्हणाला, की झोपेतसुद्धा सरकायचं, कोण, कुठला, विचारायचं नाही. मग एका हंगामात तळावर पटकीची साथ आली, आणि निजलेले कितीतरी गाडीवान उठलेच नाहीत. पुढं रेल्वे आली, तळ ओस पडला, आणि सरकारनं त्याच छपराखाली शाळा काढली. मास्तर म्हणून पाठवला, तो मी.

मावसाजी रोज शाळेत येत, पण त्या मोकळ्या अंगणातून ते सरळ म्हणून कधी चालले नाहीत. इथं वळसा घाल, तिथं थबक, मध्येच धोतर सावरून पाय उंच उचल, कारण तिथं कुणाच्या तरी बैलगाडीची धुरा आडवी. 'मावसाजी, अंगण मोकळं आहे,' मी एकदा म्हणालो. 'तुह्यासाठी असन बापू,' ते म्हणाले, 'माह्यासाठी गर्दी हाये.' कुठंही टेकण्याआधी ते जमिनीकडे पाहून 'सरका जरा' म्हणत, क्षणभर थांबत आणि मग बसत. त्या क्षणात माझ्या मानेवरून काहीतरी सरसरत जाई. मी घामोळं समजून खाजवत असे. माझ्या खुर्चीवर तर त्यांनी दर्यापूरचा एक गाडीवान बसवून ठेवला होता. 'त्याची कंबर दुखते. त्याले नको उठवू.' मी वर्षभर उभ्यानं शिकवलं. तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं, मास्तर मोठा उत्साही.

शाळा मात्र धड चालेना. पोरं सगळ्या जातीधर्मांची, आणि प्रत्येक बापाचं म्हणणं, आमचं पोरगं वेगळं बसवा. कुणी ओट्यावर, कुणी निंबाखाली, कुणी पार फाटकाबाहेर उन्हात. साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या फेरीला सगळी पोरं एका छपराखाली दिसली नाहीत तर शाळा बंद. मी हात जोडले, भाषणं केली. दोन पोरं एका तरटावर बसवणं मला काही जमलं नाही.

हे मावसाजींच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावरच्या पोराजवळ जाऊन उभे राहिले. 'येथं काहून बसला बे? उतर. माणूस निजला हाये.' पोरगं टुणकन खाली आलं. निंबाखाली म्हणाले, 'येथं दोघं भाऊभाऊ हायेत, त्याईले उठवू नका.' फाटकाबाहेर तर निजलेल्यांची रांगच होती म्हणे.

'मंग आमी कुठी बसाचं?' पोरांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

'छपराखालचं ते तरट रिकामं हाये. तेवढंच.'

त्या तरटावर पोरं अशी दाटून बसली, की कुणाचा गुडघा कुणाच्या मांडीवर आला हे बघायचं भान कुणाला राहिलं नाही. दुपारी एक बाप तणतणत आला आणि आपल्या पोराचा दंड धरून म्हणाला, 'चाल घरी.'

'ने,' मावसाजी शांतपणे म्हणाले. 'पण माह्या मागून चाल. नाहीतर तुह्या बापाच्या अंगावर पाय देशीन.'

त्या माणसाचा बाप याच तळावर पटकीत गेला होता. त्यानं पोराचा दंड सोडला, वहाणा हातात घेतल्या, आणि त्या मोकळ्या अंगणातून मावसाजींच्या मागं वळसे घेत घेत एकटाच बाहेर गेला. त्यानंतर कुणी पोराला न्यायला आलं नाही. साहेबांनी येऊन तरट पाहिलं, आणि शाळा राहिली.

मी मावसाजींना एकदाच विचारलं, 'खरंच दिसतात का हो ते?'

'दिसत नाही रे,' ते म्हणाले. 'पण सरका म्हनलं का सरकतात.'

कापसाच्या पुढच्याच हंगामात मावसाजी गेले. पोरं अजून बसताना 'सरका जरा' म्हणत, आणि तरटाच्या टोकाला एका हडकुळ्या म्हाताऱ्यापुरती जागा सोडत. त्यांना तसं कुणी शिकवलं नव्हतं, निदान मी तरी नाही. एका दुपारी शाळा सुटल्यावर माझे पाय फार दुखत होते. वारा अजिबात नव्हता. वाशांत अडकलेल्या जुन्या कापसाचा एक पुंजका त्या जागेवर पडला होता. कुणी पाहत नाही याची खात्री करून मी हळूच म्हणालो, 'सरका जरा, मावसाजी.'

पुंजका वीतभर सरकला. मी बसलो. तिथलं तरट कोमट होतं.