चौथा उद्गार

गुड फ्रायडेच्या उपासनेत येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं, ही आमच्या नांदेडच्या चर्चची जुनी रीत. उद्गार पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वाटून देतात असं नुसतं म्हणायचं. खरं तर ते घराघरांत केव्हाच वाटले गेलेले आहेत. पहिला, क्षमेचा, एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरचा. तिसऱ्यात येशू आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो, तो महिला मंडळाचा, आणि त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी रडतंच. सहावा माझे वडील होते तोवर आमच्याकडे होता. ते गेले आणि चर्चच्या पंचांपैकी एका काकांनी तो पटकावला. आई त्या काकांशी अजूनही जेवढ्यास तेवढंच बोलते.

चौथा मात्र कोणालाच नको असतो. देवा, तू मला का सोडलंस, असं विचारणारा तो उद्गार. त्यावर पंधरा मिनिटं बोलायचं तरी काय? त्यामुळे जो उशिरा नाव देतो त्याच्या गळ्यात तो पडतो. गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडला, आणि नाव तर मी दिलंही नव्हतं.

"म्या दिलं," आईने फोनवर सांगितलं. "आपल्या घरचं कोणीच बोलत न्हाई, बरं दिसत न्हाई. तुला तर रोजचीच सवय हाय बोलायची."

सवय आहेच. लातूरला मी अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये गणित शिकवते. तिथे संध्याकाळचा एक तास फक्त डाउट विचारण्यासाठी असतो, आणि जास्त डाउट घेऊन येणारं पोरगं हुशार समजलं जातं. माझ्या स्वतःच्या डाउटसाठी मात्र असा तास कुठे नव्हता. देव आहे की नाही, याचीच मला खात्री राहिली नव्हती.

बरं, माझ्यावर काही आभाळ कोसळलं होतं म्हणावं, तर तेही नाही. कोसळलं असतं तर निदान लोकांना कारण तरी सांगता आलं असतं. एका रविवारी नेहमीचं गीत म्हणताना मनात आलं, हे आपण कोणाला ऐकवतोय? पलीकडे कोणी नसलंच तर? गीत संपलं, विचार काही गेला नाही. मग प्रार्थनाच अडायला लागली. सुट्टीत नांदेडला गेले की जेवणाआधी आई प्रार्थना करायची, आणि मी डोळे मिटून, अंदाजाने, आमेन म्हणायचे. दोनेक वर्षं हे चाललं. आईला कळलं तर तिला काय वाटेल, या धास्तीने मला घास गोड लागत नसे. आणि चर्चच्या मंडळीत कळलं तर? त्या माणसांतच मी वाढले. देव असो नसो, ती माणसं मला हवी होती.

अहमदपूर, लोहा करत एसटीने आदल्या दिवशी नांदेड गाठलं. पर्समध्ये भाषणाचा कागद होता. देव तोंड फिरवतो तेही आपल्या भल्यासाठीच, अशा थाटाचे चार मुद्दे. लिहिताना माझाच मला राग आला होता. मुलं शेवटचं उत्तर आधी बघतात आणि मग पायऱ्या जुळवतात, तसला प्रकार. अशा गणिताला मी मार्क देत नाही.

माझी पाळी आली तेव्हा भर दुपार होती. पंखे गरम हवा फिरवत होते, उपाशी माणसं घामाघूम झाली होती. मी कागद उघडला. दुसऱ्या बाकावर पांढऱ्या साडीत आई बसली होती, माझ्याकडेच बघत. कागद काही वाचवेना.

"यावर मला प्रवचन करता येणार नाही," मी म्हणाले. "हा माझाच प्रश्न आहे. दोन वर्षं झाली, मला प्रार्थना करता येत नाही. कोणी ऐकतं की नाही, मला माहीत नाही. क्रुसावर येशूनेही हेच विचारलं होतं, आणि तेव्हा त्यालाही उत्तर आलं नव्हतं. मला एवढंच सांगता येतं."

मी खाली येऊन आईशेजारी बसले. तिने मान वळवली नाही. पाळकसाहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पुढचं गीत सांगितलं. उरलेल्या तीन उद्गारांतलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

उपासना संपल्यावर आवारात कडुलिंबाखाली सरबत वाटून उपवास सोडत होते. सहाव्या उद्गाराचे ते काका आईजवळ आले.

"ताई, पोरगी खरं बोलली, न्हाई म्हणत न्हाई मी. पण चर्चमधी, समद्यांसमोर, असं बोलायचं असतंय का?"

संपलं आता, असं मला वाटलं. आईने शांतपणे ग्लास रिकामा केला.

"तो बी समद्यांसमोरच बोलला की," ती म्हणाली.

काका दुसरा ग्लास आणायला गेले. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच रडू फुटलं.

घरी जाताना रिक्षात मी विचारलं, "तुला धक्का नाही बसला?"

"धक्का कशाचा? माझी प्रार्थना संपायच्या आधी आमेन म्हणत हुतीस तू. मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? शेजारी येऊन बसत हुतीस ना. तेवढं बस म्हटलं."

शंका गेली असं सांगितलं, तर ते पुन्हा जुळवलेलं उत्तर होईल. ती आहे. पण आता जेवणाआधी मी डोळे मिटत नाही, आईच्या तोंडाकडे बघत बसते, आणि तिचं पूर्ण झाल्याशिवाय आमेन म्हणत नाही. कधी तरी एखादं वाक्य माझंही निघतं. जेवण मात्र गोड लागतं.

यंदा गुड फ्रायडेच्या आधी चर्चच्या दारात त्याच काकांनी आईला गाठलं. सहावा फार वर्षं झाला, यंदा चौथ्यावर बोलून बघावं म्हणतो, असं ते म्हणाले. मी बाजूलाच उभी होते.

"न्हाई," आई म्हणाली. "चौथा आमच्या घरचा हाय."