शेठच्या मेहुण्याचा गुरुवार

पुण्याचा जो रविवार, तो आमच्या पिंपरीचा गुरुवार. विजेच्या वाटणीत इथल्या कंपन्यांच्या वाट्याला गुरुवारची सुट्टी आलेली. त्या दिवशी सगळी कामगार मंडळी बायकापोरांसह बाजारात उतरायची. मी कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला होतो. नोकरांना आळीपाळीने गुरुवार मिळेल, असं शेठनी कामावर घेतानाच सांगितलं होतं. आळीपाळी मात्र चोख होती हं. या गुरुवारी शेठचा मेहुणा सुट्टीवर, पुढच्या गुरुवारी परत शेठचा मेहुणा. बिचाऱ्याची कंबर दुखायची आणि तिला दुखायला दुसरा वार सापडत नसे. मला मंगळवार. भाऊ कंपनीत, मित्र कंपनीत, आणि आळीत मी नि दोन कुत्री.

तशात मला स्थळ आलं. मुलगी तळेगाव दाभाड्याची, चिंचवडच्या एका कंपनीत पॅकिंगला, बाप तिथेच फिटर. म्हणजे बघायला जायचं ते गुरुवारीच. मी शेठकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले, मुलगी काय पळून चाललीय? पुढच्या आठवड्यात मागितली, तर सणाची गर्दी. त्याच्या पुढच्या आठवड्यात मेहुण्याची कंबर. मध्यस्थ वैतागला, अशाने स्थळ हातचं जाईल म्हणाला. माझा तर फोटो बघूनच जीव अडकला होता. राग असा यायचा की शेठना त्यांच्याच ताग्यात गुंडाळावं. शेवटी मुलीच्या बापानेच तोड काढली. मुलाला सवड नाही ना, मग आपणच गिऱ्हाईक होऊन जाऊ.

गुरुवारी ते तिघं समोर येऊन बसले. जगात मुलगी साडी नेसून मुलापुढे येते. इथे मी हिरवी साडी खांद्यावर टाकून, पदर छातीवर पसरून तिच्यापुढे उभा. तिची आई पदराचे काठ बघत होती, बाप मला बघत होता, आणि ती खाली मान घालून हसू दाबत होती. शरमेने मेलो मी. बघणं उरकल्यावर बाप शेठना म्हणाला, मुलगा पसंत आहे, लग्नाचा बस्ता तुमच्याकडेच बांधू. शेठ विरघळलेच. तेवढ्यात तिने मान वर केली.

"यांना दर गुरुवारी सुट्टी मिळणार असेल तरच."

शेठनी एकदा साड्यांच्या ढिगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, अहो, हा तर आमच्या घरचाच मुलगा, गुरुवार त्याचाच. घरचाच! कालपर्यंत दारचा होतो. बस्ता बांधला गेला आणि लग्नही झालं.

लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुवारी आम्ही दोघं चहा घेत होतो, तोच दार वाजलं. दारात साक्षात मेहुणा. आजच्या दिवस ये म्हणाला, गर्दी आवरत नाही, शेठनी बोलावलंय. सवयीने माझा हात खुंटीवरच्या शर्टाकडे गेला. बायको मात्र उठून उंबऱ्यात उभी राहिली.

"भाऊ, आज यांची सुट्टी आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि गर्दीचं म्हणाल, तर ती दर गुरुवारी असतेच. तुम्हाला कुठून ठाऊक असणार?"