बेगमसाहेबांची दशमी

आमच्या गल्लीतले टांगेवाले चाचा घोड्यावर ओरडत, सवारीवर ओरडत, एकदा तर निजामाच्या शिपायावरही ओरडले. घरच्या मांजरीला मात्र ते ‘बेगमसाहेब’ म्हणत. तिनं दूध पिऊन उंबऱ्यावर आल्याशिवाय त्यांचा टांगा हलत नसे. मांजरीनं हे बरोबर ओळखलं होतं. घोडा जुंपला की ती बाजेखाली जाऊन बसे, आणि चाचा दुसरी वाटी भरून आणत.

मी हैदराबादला परीक्षेला निघालो, त्या सकाळीही ती बाजेखालीच होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. येडशी स्टेशनावरची गाडी चुकली तर वर्ष बुडणार होतं. ट्रंक धरून उभा राहून माझा हात भरून आला.

“चाचा, निघू या का?” मी भीत भीत विचारलं.

“बेगमसाहेब रुसल्यात. उपाशी टाकून निघू व्हय?”

“दोनदा पिली की ती!”

“तिचं खाणं मोजतोस व्हय रे?”

चडफडत मी आईनं बांधलेली शिदोरी सोडली आणि दुधातली दशमी मोडून बाजेपुढं धरली. ती आली, तिनं सावकाश दशमी खाल्ली, मिशा पुसल्या आणि ती उंबऱ्यावर बसली. चाचांनी टांगा असा पळवला की गाडी मिळाली.

आता सुट्टी संपून मी निघालो की मांजर बाजेखाली जाते. चाचा दूध आणायला उठत नाहीत. माझ्या शिदोरीकडं बघतात.

आई हल्ली एक दशमी वेगळीच बांधते.