प्रजासत्ताक दिनाची जिलेबी आणि राणीचं मीठ

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

माझं घर, नोकरी हॉलंडमध्ये, म्हणजे राणीच्या राज्यात. पण मराठी माणसं सीमेपलीकडे जर्मनीतल्या आखनमध्ये, म्हणून आज, २६ जानेवारी २०१२ला, झेंडावंदनाला तिकडे गेलो.

जिलेबी खाताना सहज म्हणालो, "जन्माने राजेपण मिळणं मला पटत नाही. आमच्या हॉलंडमध्येही राष्ट्राध्यक्ष निवडून यावा."

भारतातून आपल्या मुलाकडे आलेले देशपांडेकाका उखडलेच. "अहो, ज्या राणीचं मीठ खाता, तिलाच नावं ठेवता? पटत नसेल तर परत जा!"

बाकीच्यांनी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये "अगदी बरोबर", करत माना डोलावल्या. तोंडात प्रजासत्ताक दिनाची जिलेबी, बरं का!

काका, माझ्या पगारातून दरमहा टॅक्स कापला जातो. राजवाड्याचा खर्च त्यातूनच चालतो.

आता तुम्हीच सांगा, मीठ कोण कोणाचं खातंय?